एजियन किनाऱ्यावरचे ग्रीक-रोमन अवशेष : एफेससशिवाय काय पाहावं, काय गाळावं?

सायली_कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर जायचं घाटतंय. मी, नवरा आणि सासू-सासरे. सासरे इतिहास-नागरिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. पोरांना आयुष्यभर अथेन्स आणि रोम शिकवलं, पण स्वतः कधी देशाबाहेर पडले नाहीत. त्यामुळे बलून, पामुक्कले, बाजारहाट हे सगळं त्यांनीच यादीतून उडवलंय. सासूबाई सपाटीवर तासभर आरामात चालतात, पण पायऱ्या आल्या की रामराम.

इझमीरला उतरून गाडी भाड्याने घ्यायची आणि समुद्राच्या कडेकडेने अंतल्यापर्यंत जायचं, असा बेत आहे. यादीत सध्या एफेसस, प्रिईनी, मिलेटस, दिदिमा, क्झांथोस, पातारा, मिरा, फासेलिस, पेर्गे, अस्पेन्दोस आणि सिदे. नवरा म्हणतो ही यादी नाही, शिक्षा आहे. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी ग्रीक बेटांची क्रूझ सुचवली, ती कुशादासीला थांबते आणि तिथून एफेसस दाखवून परत आणतात. म्हणजे एकात सगळं.

यातलं काय गाळू? सासऱ्यांना "पाहिलं" असं वाटलं पाहिजे आणि सासूबाईंना "कुठून आले" असं वाटता कामा नये. शाकाहारी आहोत, त्याबद्दलही सांगा.

आडवाट

क्रूझ आधी विसरा. जहाज कुशादासीला लागतं ते काही तासांसाठी. बंदरावरून बसा निघतात, सगळ्या एकाच वेळी एफेससच्या वरच्या दरवाजाशी पोचतात आणि सगळा लोंढा एकदमच सेल्सस या रोमन अधिकाऱ्याच्या नावाच्या ग्रंथालयापुढे येऊन आदळतो. वाटेत चामड्याच्या किंवा गालिच्याच्या दुकानात "प्रात्यक्षिक" असतंच. तुमच्या सासऱ्यांसारख्या माणसाला तिथून "चला, चला" करत हाकलणं म्हणजे पाप आहे.

मुक्काम सेल्चुकला करा, कुशादासीला नको. गाव लहान आहे आणि अवशेषांपासून जेमतेम तीन किलोमीटरवर. इझमीर विमानतळावरूनच सेल्चुकला रेल्वे जाते, तेव्हा गाडी तिथे पोचल्यावर घेतली तरी चालेल. एफेससला जा दुपारी तीननंतर, जहाजवाले परतल्यावर. शिरायचं वरच्या दरवाजाने आणि बाहेर पडायचं खालच्या, म्हणजे सगळा रस्ता उताराचा मिळतो. नवऱ्याला गाडी खाली आणायला सांगा. तिकीट परदेशी लोकांना युरोत आहे आणि स्वस्त नाही. २०२४ मध्ये ४० युरो होतं, जाण्याआधी सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या.

उताराच्या घरांचं, म्हणजे श्रीमंत रोमन कुटुंबांच्या छपराखाली जपलेल्या घरांचं, पैसे जास्त गेले तरी बघाच. भिंतींवरची चित्रं, जमिनीवरचं मोझॅक, सगळं जागच्या जागी आहे. फक्त तिथे लोखंडी जिने आहेत. सासूबाईंना तेवढा वेळ ग्रंथालयापुढे बसवा. मांजरं येतील सोबतीला, त्यांना तोटा नाही.

खाली मोठं नाट्यगृह लागतं, साधारण पंचवीस हजार लोक बसायचे. प्रेषित पौलाच्या विरोधात चांदीकाम करणाऱ्यांनी दंगा केला तो इथेच, बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत त्याचं वर्णन आहे. आर्टेमिस या ग्रीक देवीच्या देवळाच्या चांदीच्या प्रतिकृती विकून पोट भरणारे हे लोक, नवा धर्म आला तर धंदा बसेल ही भीती. नागरिकशास्त्राच्या मास्तरांना हे सांगावं लागणार नाही.

त्या नाट्यगृहाकडे पाठ करून समोर बघायचं. संगमरवरी फरशीचा सरळसोट रस्ता जातो, अर्धा किलोमीटरहून थोडा जास्त. हा बंदराचा रस्ता. सम्राट आर्केडियसच्या काळात, म्हणजे इ.स. ४०० च्या आसपास, याच्यावर रात्री दिवे लागत. दोन्ही बाजूंना खांब, दुकानं. आणि रस्ता संपतो तिथे झुडपं आणि दलदल. समुद्र आता तिथून काही किलोमीटर लांब आहे.

माझं म्हणणं एवढंच, की या किनाऱ्यावर जाल तिथे पहिला प्रश्न "समुद्र कुठे होता?" हा विचारा. ही सगळी बंदरं होती. ते एकदा डोक्यात बसलं की कुठलं नाट्यगृह कुणीकडे तोंड करून आहे, बाजारपेठ इथेच का, सगळं आपोआप कळतं. नाहीतर चौथ्या ठिकाणी सगळे खांब सारखेच दिसतात.

उंडारकी

मी थोडा पाण्यात खडा टाकतो. मी हे सगळं केलंय आणि निम्म्या ठिकाणी कंटाळलोय.

सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग जो प्रत्येक फोटोत असतो, तो १९७० च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी परत उभा केलाय. त्यातल्या चार बायकांच्या मूर्ती नकला आहेत, मूळ व्हिएन्नात. मिलेटसच्या बाजारपेठेचा अख्खा दरवाजा बर्लिनच्या पर्गामॉन संग्रहालयात, आणि तेही २०२३ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालं. क्झांथोसचं नेरीड स्मारक लंडनला. प्रिईनीच्या देवळावर अलेक्झांडरने कोरून घेतलेला अर्पणलेख, तोही लंडनला. आर्टेमिसचं देऊळ, जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, तिथे एक खांब उभा आहे आणि तोसुद्धा सापडलेले तुकडे एकावर एक रचून. वर करकोच्याचं घरटं.

तेव्हा वयस्कर माणसांना उन्हातान्हात का हिंडवायचं? एफेसस आणि अस्पेन्दोस करा, बाकी वेळ समुद्रात पाय सोडून बसा.

पाथरवट

उंडारकी, अस्पेन्दोसबद्दल सहमत, रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातलं इतकं धड नाट्यगृह दुसरीकडे मिळणं अवघड. झेनॉन नावाचा स्थपती. रंगमंचामागची भिंत पूर्ण उंचीची शाबूत आहे, कारण पुढे सेल्जुक सुलतानांनी ती वास्तू वापरात ठेवली, डागडुजी केली. वापरात राहिली म्हणून वाचली.

पण "परत उभं केलं म्हणजे नकली" हे काही पटत नाही. पडलेला मूळ दगड ओळखून त्याच्याच जागी चढवणं आणि नवं बांधणं यात फरक आहे. ग्रंथालयाच्या दर्शनी भागाकडे नीट बघा, मधले खांब कडेच्या खांबांपेक्षा जाड केलेत, म्हणजे आहे त्याहून इमारत रुंद भासते. दोन मोठ्या इमारतींच्या मध्ये चिंचोळी जागा मिळाली होती, त्यावर त्यांनी काढलेला तोडगा. आणि ही इमारत ग्रंथालय जितकी, तितकीच समाधी. खाली तळघरात सेल्ससची शवपेटी आहे. मुलाने बापासाठी बांधली, साधारण इ.स. ११७ च्या सुमारास.

खरं मला लिहायचंय ते दिदिमाबद्दल. मी बांधकाम क्षेत्रातला माणूस, त्यामुळे तिथे माझी विकेट पडली. अपोलोचं देऊळ, १२२ खांबांची योजना, एकेक खांब जवळपास २० मीटर उंच. शेकडो वर्षं काम चाललं आणि पुरं झालंच नाही. आज तीन खांब पूर्ण उंचीचे उभे आहेत. समोरून दारातून थेट आत जाता येत नाही, उंबरठाच साधारण दीड मीटर उंच आहे. दोन्ही बाजूंना अंधारे, उतरते बोगदे आहेत, त्यातून खाली गेलं की एकदम मोकळं आकाश. देवळाचा गाभारा म्हणजे बिनछपराचं अंगण, चारी बाजूंना उंच भिंती.

आता त्या भिंतींजवळ जा. दगडाला जवळजवळ गाल लावा आणि तिरप्या उजेडात बघा. नखाने ओढाव्यात तशा बारीक सरळ रेघा दिसतील, कुठे वर्तुळाचे भाग. ते बांधकामाचे नकाशे आहेत. लोटार हासेलबर्गर या संशोधकाला १९७९ मध्ये ते दिसले. तोवर शेकडो अभ्यासक त्याच भिंतींसमोरून गेले होते. खांबाचा मध्ये किंचित फुगीर असणारा आकार कसा काढायचा, याची आकृती आहे त्यात. रुंदी पूर्ण मापात, उंची मात्र सोळाव्या हिश्श्यात, म्हणजे २० मीटरचा खांब भिंतीवर मावला आणि वळण तेवढं ठळक दिसलं. आम्ही संगणकावर एका दिशेचं मोजमाप ताणतो किंवा दाबतो, तेच हे.

हे उरलं का? कारण रिवाज असा, की बांधकाम संपताना भिंत शेवटची घासून गुळगुळीत करायची. तेव्हा नकाशे पुसले जात. दिदिमाचं काम संपलं नाही, म्हणून शेवटची घासाई झाली नाही. पुऱ्या झालेल्या देवळांत हे सापडणारच नाही. लंडन-बर्लिनला हे कुणी उचलून नेऊ शकलं नाही, हेही तुमच्या मुद्द्याला उत्तर समजा.

बटाटेवडा

पाथरवट _/\_ वाचनखूण साठवली.

खाडीकाठ

आडवाट यांनी समुद्राचा विषय काढला म्हणून लिहितोय. मी नालासोपाऱ्याचा, त्यामुळे गाळाने मेलेलं बंदर म्हणजे काय हे घरचंच आहे. आमचं सोपारा म्हणजे पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी प्रवासवर्णनातलं "सुप्पारा", अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा जिथे सापडला ते गाव. आज स्टेशनबाहेर उभं राहून इथे कधी गलबतं लागत होती म्हटलं तर रिक्षावाला वेड्यात काढील.

एफेससची गंमत अशी, की तिथे गाळ नदीने आणला आणि माणसाने तो अडवून ठेवला. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने लिहून ठेवलंय. बंदराचं तोंड फार रुंद होतं. पर्गामॉनचा राजा अॅटलस फिलाडेल्फस याला वाटलं की बांध घालून तोंड अरुंद केलं की आत पाणी खोल राहील आणि मोठी व्यापारी जहाजं येतील. झालं उलटं. आधी समुद्राच्या ये-जा करणाऱ्या पाण्यासोबत गाळ बाहेर निघून जायचा, तो आता आतच बसायला लागला आणि अख्खं बंदर उथळ झालं. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस हे कारणासकट सांगतोय. आपल्याकडे खाड्यांवर भराव घालणाऱ्यांनी वाचायला हवं, पण ते एक असो.

मिलेटसला तर याहून मोठा धक्का बसतो. चार बंदरं असलेलं शहर, तत्त्ववेत्ता थेलिस इथला. समोर लादे नावाचं बेट होतं. इ.स.पू. ४९४ मध्ये त्या बेटाजवळ पर्शियनांशी आरमारी लढाई झाली, ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या हिशेबाने एकट्या ग्रीकांकडे ३५३ जहाजं होती. मिलेटसच्या नाट्यगृहाच्या वरच्या रांगेत जाऊन बसा आणि पश्चिमेला बघा. शेतं आणि त्यात एक टेकाड. ते टेकाड म्हणजे लादे. मेंदेरेस नदीने आणलेल्या गाळात बेट बुडलं नाही, बेटाभोवतीचा समुद्रच बुजला. ऑक्टोबरात जाताय तर आसपासच्या पट्ट्यात कापूस वेचणी चालू असेल, ट्रॉल्या भरभरून रस्त्यावर.

याच खाडीचं एक टोक आत अडकून राहिलं, ते बाफा सरोवर. नकाशावर बघून ठेवा, मिलेटसहून दक्षिणेकडे निघालात की रस्ता काठाकाठाने जातो.

सायलीताई, प्रिईनी-मिलेटस-दिदिमा ही तिन्ही एका ओळीत आहेत, एकापासून पुढचं साधारण अर्ध्या तासावर. यातलं प्रिईनी चढाचं आहे. गाडीतळापासून वर दगडी वाट आणि आत सगळं उतारावर. चौकटीच्या आराखड्याचं शहर, डोंगरावर बसवलेलं, त्यामुळे आडवे रस्ते सपाट आणि उभे म्हणजे निव्वळ पायऱ्या. सासूबाईंना खाली गुल्लुबाहचे गावात चहाला बसवा आणि सासऱ्यांना वर न्या. अथेनाच्या देवळाचे पाच खांब, मागे कातळाचा कडा, खाली तेच बुजलेलं मैदान. आणि सभागृह जरूर दाखवा. छोटंसं, तिन्ही बाजूंना दगडी बाकं, मध्ये वेदी. गावची माणसं बसून भांडत होती ती जागा डोळ्यांसमोर उभी राहते.

सायली_कोल्हापूर

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! सासऱ्यांना धागा वाचून दाखवला. दिदिमाच्या रेघांवर त्यांनी "भिंग घेऊन जाऊ" असं जाहीर केलंय. आणि ते म्हणाले, इथे कोल्हापुरात टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची, छोटी काशाची मूर्ती आहे, ती मी दर वर्षी पोरांना दाखवायचो, आता ती ज्या समुद्रावरून आली तो बघतो.

प्रिईनीचं चहाचं आवडलं. पाताराबद्दल कुणी बोललं नाही?

आडवाट

पातारा गाळलंत तर सासरे माफ करणार नाहीत. लिशियन संघाचं, म्हणजे लिशिया या प्राचीन प्रदेशातल्या शहरांच्या संघाचं, सभागृह तिथे आहे, आता बरंचसं परत बांधून काढलंय (उंडारकी, इथे तुमची तक्रार मान्य, नवा दगड फार पांढरा दिसतो). २३ शहरांचा संघ. मोठ्या शहरांना तीन मतं, मध्यमांना दोन, लहानांना एक, आणि करही त्याच प्रमाणात. फ्रेंच विचारवंत मॉन्टेस्क्यूने याची भलामण केली आणि अमेरिकेची घटना घडत असताना हॅमिल्टनने या संघाचा दाखला दिला. सभागृहाच्या बाकावर बसून सासऱ्यांना एक तास घेऊ द्या, तुम्ही विद्यार्थी.

अवशेष ओलांडूनच पुढे किनाऱ्यावर जायचं असतं, १८ किलोमीटरची वाळू. समुद्रकासवं अंडी घालतात म्हणून रात्री तिकडे जाऊ देत नाहीत आणि म्हणूनच हॉटेलांची रांग उभी राहिली नाही. तुम्हाला समुद्रात पाय सोडून बसायचंच असेल तर इथे आणि फासेलिसला बसा. फासेलिसला पाइनच्या झाडांत तीन बंदरं आहेत, मधल्या लहान बंदराच्या कडेला जुन्या धक्क्याचे दगड पाण्यात दिसतात आणि तिथेच लोक पोहतात. त्या किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रात उतरतो, मोठी नदी नाही, म्हणून ही बंदरं बुजली नाहीत. त्याच किनाऱ्यावरच्या केकोवा बेटापाशी मात्र बुडालेल्या शहरावर पोहायला बंदी आहे, बोटीतूनच बघायचं.

क्झांथोस, मिरा, सिदे गाळा. पेर्गे ठेवायचं तर अंतल्याच्या संग्रहालयात तिथल्या मूर्ती आहेत, ते उघडं आहे का आधी विचारा.

मिरची_आणि_मीठ

खाण्याचं मी सांगते. उपाशी राहणार नाही, पण विचारून घ्या. मसुराचं सूप, मर्जिमेक चोर्बासी, सगळीकडे मिळतं, पण काही ठिकाणी त्यात मांसाचं पाणी घालतात. "एत्सिझ", म्हणजे बिनमांसाचं, हा शब्द पाठ करा आणि तरीही "एत सुयू वार मी?" असं विचारा. गोझलेमे म्हणजे पातळ लाटलेल्या पोळीत पालक किंवा पांढरं चीज घालून तव्यावर भाजलेली. प्रत्येक अवशेषाच्या गाडीतळाबाहेर एखादी बाई बसून लाटत असते, सासूबाईंची तिच्याशी भाषेवाचून गट्टी जमेल. "झेयतिनयाली" म्हणून भाज्यांचा प्रकार असतो, ऑलिव्ह तेलात शिजवलेला फरसबी, वांगं, आर्टिचोक, गार खातात. एजियन भागात रानभाज्याही पुष्कळ. सोबत लोणचं न्या. आम्ही मेतकूटही नेलं होतं.

सिसिलीकर

थोडं अवांतर, पण इटलीत राहते म्हणून. ज्यांना तुर्कस्तानला जायचं नाही, त्यांनी हाच विषय सिसिलीत करावा. ग्रीकांच्या वसाहती, अवशेष काकणभर जास्तच धड. अग्रिजेन्तोचं कॉनकॉर्डियाचं देऊळ उभं आहे कारण सहाव्या शतकात त्याचं चर्च केलं. सिराक्यूजचं मुख्य चर्च तर अथेनाच्या देवळातच आहे, बाहेरच्या भिंतीत डोरिक खांब अर्धे बुडालेले दिसतात आणि आत चक्क प्रार्थना चालू असते.

पाथरवटांसाठी खास : सेलिनुन्तेजवळ कावे दि कुझा नावाची दगडखाण आहे. इ.स.पू. ४०९ मध्ये कार्थेजची फौज आली आणि कामगार हत्यारं टाकून पळाले. खांबांचे गोल तुकडे अर्धे कोरलेले, अजून कातळाला चिकटलेले. भोवती एक माणूस मावेल एवढी चर, त्यात उभं राहून पाथरवट काम करायचा. तिथे गर्दी अशी नसतेच.

आणि पुढे नेपल्सला गेलात तर संग्रहालयात पॉम्पेईला सापडलेली हस्तिदंती बाई बघा. इ.स. ७९ च्या आधी भारतातून गेलेली, आणि तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती आपल्या भोकरदनला सापडली आहे. ती गुप्त दालनात ठेवतात, त्याच्या वेळा वेगळ्या असतात, आधी विचारा.

पाथरवट

सिसिलीकर, खाणीचं वाचून हात शिवशिवायला लागले. वेगळा धागा काढाच.

उंडारकी

बरं, दिदिमाच्या रेघा मी पाहिल्या नव्हत्या. समोरचं मेड्युसाचं डोकं पाहून बाहेर पडलो होतो, सगळे तेच करतात. तरीही ऑक्टोबरात दुपारी ऊन लागतंच, टोपी आणि पाणी न्या. आणि एक गोष्ट कुणी लिहिली नाही : अवशेषांच्या बाहेर "जुनी नाणी" विकणारे भेटतील. नकली असतात हे उत्तम, कारण खरी असली तर ती देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, तुरुंगवास होतो. आठवण म्हणून जमिनीवरचा दगडाचा कपचाही उचलू नका, विमानतळावर सामान तपासताना अडवतात.

सायली_कोल्हापूर

सगळ्यांचे आभार. आता बेत असा : सेल्चुकला मुक्काम, एफेसस दुपारी. मग प्रिईनी (सासूबाई चहाला), मिलेटस आणि दिदिमा. तिथून पातारा, फासेलिस आणि शेवटी अस्पेन्दोस. क्रूझ रद्द, नवराही तयार झालाय. व्हिसाचं काय करावं लागतं? आमच्यापैकी फक्त नवऱ्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे.

आडवाट

त्याच्या अमेरिकेच्या व्हिसाची मुदत चालू असेल तर त्याला ऑनलाइन ई-व्हिसा मिळू शकतो. तुम्हा तिघांना नेहमीचा स्टिकर व्हिसा काढावा लागेल, त्याला वेळ लागतो, आत्ताच कामाला लागा. आणि प्रिईनी, मिलेटस, दिदिमा एकाच दिवसात बसवू नका. दिदिमाच्या गावातच राहा आणि देवळात सकाळी दार उघडताच जा. रेघांना तिरपा उजेड लागतो आणि सहलीच्या बसा तेव्हा आलेल्या नसतात.